नाकाचं ऑपरेशन केलं तर आत्मविश्वास वाढेल का?

प्रश्न : वय 26, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. माझ्या नाकावर मधोमध उंचवटा आहे आणि टोक खाली झुकलेलं आहे. शाळेत मला 'पोपट' म्हणायचे. गेल्या दोन वर्षांत तीन स्थळांकडून नकार आला. एकांनी मध्यस्थामार्फत नाकाचं कारण कळवलं. ग्रुप फोटो असला की मी आपोआप मागच्या रांगेत जाते. बाबा एफडी मोडायला तयार आहेत. ऑपरेशनने माझा आत्मविश्वास वाढेल का?

उत्तर :

नाक सरळ होईल का, एवढंच विचारलं असतंत तर दोन ओळींत मोकळी झाले असते. उंचवटा काढता येतो, झुकलेलं टोक उचलता येतं. सर्जन म्हणून 23 वर्षांत अशी नाकं पुष्कळ केली. आत्मविश्वासाचं गणित मात्र जरा उफराटं आहे. ऑपरेशन झालं नाही तरी ज्यांचं बरं चाललेलं असतं, त्यांनाच त्याचा सगळ्यात जास्त फायदा होताना मी बघते. ज्यांचं सगळं आयुष्य त्या नाकापाशी अडून बसलेलं असतं, त्यांचं नाक सुधारतं आणि बाकीचं तिथल्या तिथेच राहतं.

तुम्ही यातल्या कुठल्या, हे चार ओळींवरून सांगता येणार नाही. रोज काउंटरवर बसून शंभर माणसांशी बोलता, ही चांगली खूण. फोटोत मागच्या रांगेत जाता, ही माझ्या कामाची खूण. बाबांच्या एफडीपाशी मात्र मी थबकले. त्याकडे नंतर येते.

माझ्या ओपीडीत टेबलाच्या खणात एक हातआरसा असतो, पार्लरमध्ये असतो तसला, प्लास्टिकच्या मुठीचा. नवीन पेशंट आला की तो हातात देते आणि म्हणते, 'काय खटकतं ते बोटाने दाखवा.' काही जणांचं बोट थेट जागेवर जातं. 'हा इथला उंचवटा. बाजूने बघितलं की दिसतो.' मलाही तोच दिसत असतो. अशा पेशंटबरोबर पुढचं बोलणं सोपं जातं. काहींचं बोट मात्र फिरत राहतं. आधी नाक, मग नाकपुडी, मग ओठाच्या वरची जागा, मग 'एकूणच काहीतरी बिघडलंय मॅडम'. तेव्हा मी आरसा परत खणात ठेवते आणि चहा मागवते, कारण आता वेळ लागणार असतो.

दुसरा प्रश्न ठरलेला : नाक बदललं की तुमच्या दिवसात नेमकं काय बदलेल? हा प्रश्न विचारायला मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी नाक बघायचे, फोटो काढायचे, तारीख द्यायचे. तेव्हा पस्तिशीची एक बाई आली होती, बसकं नाक घेऊन. बरगडीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन नाकाला उंची दिली. काम इतकं छान झालं की ते फोटो मी आजही ज्युनिअर डॉक्टरांना दाखवते. तीन महिन्यांनी ती फॉलोअपला आली, पर्स मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, 'नाकाला नाव ठेवायला जागा नाही. पण त्यांनी बघितलंच नाही हो.' त्यांनी म्हणजे नवऱ्याने. दोन वर्षं त्या घरात कामापुरतंच बोलणं होतं आणि त्याचं कारण आपलं नाक आहे, असं तिने मनाशी धरलं होतं. मी पहिल्याच भेटीत विचारलं असतं तर ती सांगणार होती. मी विचारलं नाही.

याच्या उलट एक मुलगा आठवतो. सोलापूरकडचा, 19 वर्षांचा, पॉलिटेक्निकला. पुरुषांची छाती वाढते त्याला आम्ही गायनेकोमॅस्टिया म्हणतो. वयात येताना बऱ्याच मुलांना होतं आणि बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. याचं ओसरलं नव्हतं. सोलापूरच्या मे महिन्यात आत दोन बनियन, वर शर्ट आणि सॅक पाठीवर न घेता छातीशी धरलेली. दहावीपासून विहिरीवर पोहायला जाणं बंद. बाकी सगळं ठीक होतं. मित्र होते, अभ्यास होता, मेसच्या मावशींशी पोळ्यांवरून भांडायचा दमही होता. एकच गोष्ट अडत होती. दीड-दोन तासांचं काम : लायपोसक्शनने चरबी काढली, स्तनाग्राच्या कडेने छोटा छेद घेऊन गाठ काढली. पुढे महिनाभर प्रेशर जॅकेट.

दोन महिन्यांनी आला तेव्हा छाती सपाट, टाक्यांची खूण शोधावी लागेल इतकी बारीक. पण खांदे तसेच पुढे ओढलेले, पाठीला तोच बाक. मी म्हटलं, 'अरे, आता काय लपवतोयस?' ओशाळून हसला. 'सवय झालीय मॅडम.' चार वर्षं अंगाने लावून घेतलेली सवय दोन तासांत कशी जाणार? त्याला फिजिओथेरपीला पाठवलं. विहिरीवर तो गेला पुढच्या उन्हाळ्यात.

मला वाटतं, 'आत्मविश्वास' या शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. फोटोत पुढे उभं राहणं, बाजूने कुणी बघत असताना अवघडून न जाणं, ही एक. स्वतःला मुळातच कमी न समजणं ही दुसरी. पहिलीला ऑपरेशनची मदत होते, चांगली होते, आणि ती किरकोळ आहे असं मी म्हणणार नाही. दुसरी आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तयार होत नाही. जिच्याकडे ती आधीच थोडीफार आहे, तिला नाकाचा अडथळा दूर झाल्यावर ती वापरायला मिळते, एवढंच.

अभ्यासही साधारण हेच सुचवतात. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सौंदर्यशस्त्रक्रिया केलेल्या 544 जणांची तुलना, करायची इच्छा होती पण केली नाही अशांशी केली. वर्षभरानंतर ऑपरेशन केलेल्यांचा स्वतःबद्दलचा आदर वाढलेला दिसला, चिंता कमी झालेली दिसली. मग नॉर्वेतला एक अभ्यास आहे. त्यात दीड हजारांहून जास्त मुलींचा 13 वर्षं मागोवा घेतला. ज्यांनी पुढे सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्यात मनाचे त्रास आधीपासून जास्त होते आणि नंतरही ते कमी झाले नाहीत, उलट वाढले. दोन्ही वाचून लोक गोंधळतात. मला त्यात विरोध दिसत नाही. माझ्या खुर्चीत तो मुलगाही बसला होता आणि ती बाईही.

नाकाचा आणि मानाचा संबंध आपल्याकडे भाषेतच मुरलेला आहे. नाक कापलं जातं, नाक घासावं लागतं, स्थळ सांगताना मुलगी 'नाकीडोळी नीटस' असते, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं तर ठरलेलीच. एके काळी हे सगळं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. शिक्षा म्हणून खरोखर नाक कापत. त्यातूनच आमच्या शास्त्रातली एक मोठी गोष्ट पुण्यापाशी घडली आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजी फौजेच्या बैलांवर कामाला असलेला कावसजी नावाचा मराठी माणूस टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिलं होतं. पद्धत अशी : मेणाचं नाक करून बसवून बघायचं, मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, फक्त दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे कातडी जिवंत राहते. ती पट्टीवर वळवून खाली नाकाच्या जागी आणायची. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात बुडवलेलं कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापून टाकायची. कात आणि तूप! त्या मजकुरावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनमध्ये हेच ऑपरेशन केलं, आणि कॅन्सरमुळे नाक गेलेल्या पेशंटला आजही आम्ही कपाळावरूनच कातडी आणतो. बैलवाल्याचं नाव त्या पत्रात आहे. नाक करणाऱ्याचं नाही.

धडधाकट पण नकोसं नाक लहान करण्याची गोष्ट त्यानंतर शंभर वर्षांनी, बर्लिनमधली. 1898 मध्ये जाक जोसेफ या सर्जनने एका तरुणाचं फार मोठं नाक कमी केलं. जिथे जावं तिथे लोक वळून बघतात म्हणून तो चारचौघांत जाईनासा झाला होता. नंतर तो खूश झाला, ते कुणी वळून बघत नाही म्हणून.

कावसजीला काय किंवा या जर्मन तरुणाला काय, देखणं व्हायचं नव्हतं. गर्दीत मिसळून जायचं होतं. नंतर समाधानी राहणाऱ्या माझ्या पेशंटांची मागणी बहुधा याच जातीची असते. मोबाईलमध्ये हिरॉइनचा फोटो दाखवत 'सेम टू सेम' म्हणणाऱ्यांची नसते.

मोबाईलवरून आठवलं. तुमचा उंचवटा तुम्ही कशात बघता? सेल्फीत बघत असाल तर त्या फोटोवर विश्वास ठेवू नका. कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ असला की जे पुढे आहे ते मोठं दिसतं, आणि चेहऱ्यात सगळ्यात पुढे नाकच असतं. अमेरिकेतल्या काही सर्जननी 2018 मध्ये हिशेब मांडला होता : 30 सेंटीमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. आम्ही क्लिनिकमध्ये लांबून, ठरावीक लेन्सने, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून फोटो काढतो. ते बघून 'अरे, एवढंच आहे होय!' म्हणत उठून गेलेले दोन-तीन पेशंट मला आठवतात. फी बुडाली, पण हरकत नाही.

आता ज्यांना मी नाही म्हणते त्यांच्याबद्दल. चाळिशीतले एक गृहस्थ प्लास्टिकची फाईल घेऊन आले होते. दुसरीकडे नाकाची दोन ऑपरेशनं झालेली. फाईलमध्ये ए-फोर कागदांवर स्वतःच्या नाकाचे फोटो, त्यावर पट्टीने आखलेल्या रेघा, मिलिमीटरमधली मापं. मला त्या नाकात खटकण्यासारखं काही दिसेना. तसं सांगितल्यावर ते चिडले. 'तुम्ही सगळे एकमेकांना सामील आहात.' दिवसातला किती वेळ यात जातो, असं विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'रात्री धरून?'

याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. मोर्सेली नावाच्या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने 1891 मध्ये याचं वर्णन केलं होतं, तेव्हा सेल्फी नव्हते. सर्वसाधारण लोकांत शंभरात साधारण दोघांना हा त्रास असतो, आमच्यासारख्यांच्या वेटिंग रूममध्ये त्याहून बऱ्याच जास्त जणांना. दुसऱ्याला न दिसणारं किंवा नगण्य वाटणारं व्यंग यांच्या डोक्यात दिवसाचे तास खातं. आरसा सारखा बघणं किंवा घरातले आरसे झाकूनच ठेवणं, केस पुढे ओढून चेहरा झाकणं, घरच्यांना पुन्हा पुन्हा 'दिसतंय का गं?' विचारणं. ऑपरेशनने हा त्रास क्वचितच कमी होतो. बहुधा पुढचं ऑपरेशन ठरतं, नाहीतर नाक सोडून हनुवटी सुरू होते. उपाय मनोविकारतज्ज्ञांकडे आहे : ठरावीक पद्धतीची वर्तनोपचार थेरपी आणि औषधं. बऱ्याच जणांना त्याने खरोखर आराम पडतो. त्या गृहस्थांना मी चिठ्ठी लिहून दिली. ती ते टेबलावरच ठेवून गेले. सहा महिन्यांनी परत आले, मध्ये आणखी एक ऑपरेशन कुठेतरी करून. या वेळी नाकपुडीने श्वास घेता येत नव्हता, आणि आता त्यांची तक्रार खरी होती.

तुमचं असं असेल असं मला वाटत नाही. उंचवटा कुठे आहे, टोक कसं आहे, हे तुम्ही एका वाक्यात नेमकं सांगितलंत. तरी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, दिवसातला तासाभराहून जास्त वेळ नाकाच्या विचारात जातो का? जात असेल तर माझ्याआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

आता बाबांची एफडी. सौंदर्यासाठीचं ऑपरेशन आरोग्य विम्यात बसत नाही. 'वाकडं हाड म्हणून लिहून द्या ना मॅडम' असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतंच. हाड खरंच वाकडं असेल आणि श्वासाला त्रास असेल तर त्या भागाचं लिहिते. नसेल तर नाही. जीएसटीतही आरोग्यसेवेची जी सवलत आहे तीत सौंदर्यशस्त्रक्रिया येत नाही. जन्मजात व्यंग किंवा अपघातातली इजा दुरुस्त करायची असेल तर येते. म्हणजे हॉस्पिटल, भूल, औषधं धरून खर्च शहरात लाखाच्या घरात जातो.

पण माझी अडचण रकमेची नाही. वडिलांची एफडी मोडून केलेल्या नाकाला स्थळ आणून दाखवावं लागतं. नाही आलं तर घरात कुणीतरी, बहुधा एखादी आत्या किंवा काका, बोलतंच : 'एवढे पैसे घातले, तरी...' आणि तुमच्या मनात आत्ता जे आहे त्यात आणखी एक ओझं पडतं. मध्यस्थाने सांगितलेलं कारणही जरा चाळून घ्या. पत्रिका, जमीन, देणं-घेणं, मुलाचं दुसरीकडे जमलेलं असणं, यातलं काहीही असू शकतं, आणि या सगळ्यात नाक सांगायला सोपं. उद्या ते नाक सरळ झालं तर उंची आहे, रंग आहे. हे बोलणं मला सोपं आहे, पोह्यांचा ट्रे तुम्ही घेऊन जाता, हे मला कळतं.

म्हणून माझं मत असं. लग्नाचा विषय क्षणभर बाजूला ठेवा आणि विचार करा, की उद्या लग्न ठरलं, नाक आहे असंच पसंत पडलं, तरी तुम्हाला हे ऑपरेशन हवं असेल का? हवं असेल तर जरूर करा, आणि जमलं तर स्वतःच्या पगारातून साठवून करा, वर्ष लागलं तरी. त्या वर्षात फार तर दोन-तीनदा समुपदेशकाकडे जा. 'पोपट' म्हणणारी पोरं कधीच पांगली, पण तुम्ही अजून मागच्या रांगेत जाता, त्याचं काहीतरी आत्तापासूनच करता येईल. त्याला माझी गरज नाही. आणि उत्तर 'नको असेल' असं आलं, तर एफडी आहे तिथे राहू द्या.

करायचं ठरलंच तर एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी घेतलेला प्लास्टिक सर्जन, किंवा नाकाच्या याच कामाचा अनुभव असलेला कान-नाक-घसा सर्जन बघा. पार्लरच्या वरच्या मजल्यावरचं 'कॉस्मेटिक सेंटर' नको. सात-आठ दिवस नाकावर प्लास्टर असतं, डोळ्यांखाली काळं-निळं होतं, ते दोन आठवड्यांत जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकजणी रडतात. मी आधीच सांगून ठेवते, तरी रडतात : चेहरा सुजलेला, श्वास तोंडाने, आणि 'हे काय करून बसले मी' असं वाटतं. ते ओसरतं. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते, पण टोकाची पूर्ण उतरायला वर्ष लागतं. काही जणांना नंतर थोडी दुरुस्ती लागते. त्यामुळे पुढच्या महिन्यात बघण्याचा कार्यक्रम आहे म्हणून या महिन्यात ऑपरेशन, असं ठरवून येणार असाल तर मी तारीख देणार नाही.

पहिल्या भेटीला आई-बाबा आले तर चालेल, पण सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही एकट्या आत यायचं. शाळेतला एखादा बाजूने काढलेला जुना फोटो असला तर आणा. आणि चष्मा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हाड कापून जुळवल्यावर पाच-सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवता येत नाही, कपाळाला चिकटपट्टीने टांगावा लागतो. दिवसभर नोटा मोजणाऱ्या माणसाला त्याची सोय, आणि जमली तर रजा, आधी बघून ठेवावी लागते.